सूत न गुंडाळलेला बाण

१

गूफाला बांबूच्या झोळीतून खाली आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. डाव्या गुडघ्याच्या वर विजार फाटली होती आणि त्या भोकातून एक जखम दिसत होती. नखाएवढी. एवढ्याशा जखमेनं माणूस मरत नाही. पण बाणाच्या टोकाला बचनागाचा लेप असला तर तेवढीही पुरते.

आन्यीनं त्याच्या मानेला हात लावून पाहिला. अंग गार पडलं होतं. दूरच्या शहरातल्या दवाखान्यात दोन वर्षं शिकून ती गावची आरोग्यसेविका झाली होती, म्हणून अशा वेळी सगळे आधी तिच्या तोंडाकडे बघत. तिनं मान हलवली.

"वर, खारट चिखलापाशी सापडला," झोळीचा पुढचा दांडा धरलेला चीसा म्हणाला. जनावरं जिथे मीठ चाटायला येतात, ती जागा. "झाडाला टेकून बसलेला. मला वाटलं, डुलकी लागलीय. मी म्हटलंसुद्धा, दादा, रानडुक्कर तुम्हालाच उचलून नेईल."

"आणि बाण?"

"शेजारी पडला होता. त्यानंच उपसला असणार." चीसानं कमरेची पानाची गुंडाळी काढली आणि जपून तिच्यापुढे ठेवली. "विषाचा आहे. तूच सांभाळ, डॉक्टरीणबाई."

आन्यीनं पान उलगडलं. बांबूचा हातभर लांब बाण, बुडाशी दुमडलेल्या पानाचं पीस. पिसाच्या खाली डाग देऊन काढलेल्या तीन रेघा.

गावातला प्रत्येक शिकारी आपल्या बाणावर आपली खूण करतो आणि प्रत्येकाची खूण प्रत्येकाला ठाऊक असते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

तीन रेघा आन्यीच्या धाकट्या भावाच्या, आखेच्या होत्या.

२

आखेला ब्याफाम्हाताऱ्याच्या कोठाराच्या खांबाला बांधून ठेवलं. ब्याफा गावातला सगळ्यांत वडीलधारा. निवाडा त्याच्याच अंगणात व्हायचा. गूफाचा थोरला भाऊ लाओपू नदीपलीकडच्या गावचा मुखिया होता. त्याला निरोप गेला. तो उद्या दुपारपर्यंत दोरावरून नदी ओलांडून येईल आणि जाताना आखेला घेऊन जाईल. पलीकडे नेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे या काठावर कुणी विचारत नसे.

आन्यी भावासमोर उकिडवी बसली.

"सकाळी कुठे होतास?"

"रानात."

"रानात कुठे?"

"रानात म्हणजे रानात, ताई."

"अस्वलाच्या कातड्यावरून तुझं आणि गूफाचं वाजलं होतं. तू त्याला म्हातारा बोका म्हणालास. सगळ्यांनी ऐकलंय."

"बोकाच होता. आधी माझा बाण लागला होता."

"आखे, उद्या लाओपू येतोय. हा बाण गूफापाशी कसा गेला?"

आखेनं ओठ घट्ट मिटले. लहानपणी अंडी फोडून आल्यावर तो असाच बसायचा. हा गप्प का? निर्दोष माणूस ओरडतो, शिव्या देतो. हा खाली मातीकडे बघत बसलाय. आपल्यालाच याची खात्री वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं आणि ती घाईनं उठली.

प्रेत अजून तिच्या ओसरीवर होतं. तिनं पेटी उघडली आणि शिकवल्याप्रमाणे डोक्यापासून सुरुवात केली. उजव्या भुवईत एक बारीक चीर होती, तिच्यात काहीतरी रुतलेलं. चिमट्यानं ओढलं तर लाकडाची ढलपी निघाली. पिवळट, चिवट, सुईएवढी. पडताना झुडूप लागलं असेल, असं मनाशी म्हणत तिनं ती कागदात ठेवली.

मग तिनं जखमेत सळई घातली आणि थांबली. पुन्हा घातली. अर्धं बोट, त्याहून खोल नाही. बाणाच्या टोकावरचं रक्तही तेवढंच वर चढलेलं होतं.

इथली धनुष्यं दांड्यावर आडवी बसवलेली; दांड्याच्या खोबणीत बाण ठेवून चाप ओढायचा. आखेचं धनुष्य हलकं होतं, तरी वीस पावलांवरून तो बाण डुकराच्या फऱ्यात पिसापर्यंत घुसवायचा. खारट चिखलापाशी रान एवढं दाट, की तीस पावलांपलीकडचं काही दिसतच नाही. मग माणसाच्या मांडीत हा बाण अर्ध्या बोटावर कसा अडला?

तिनं चिमट्यानं बाण उचलून उजेडात धरला. टोक तिनं पाहिलं होतं. आता उलट बाजूनं, बुडाकडून पाहिलं, आणि तशीच पेटी उघडी टाकून ती ब्याफाकडे निघाली.

३

ब्याफा अंगणात बसून ओले बांबू विस्तवावर शेकत होता. साठ वर्षं तो गावाला बाण करून देत होता. डोळे अधू झाले होते, बोटं नव्हती.

"आजा, शिकाऱ्यानं बाण कसा निवडायचा?"

"बायकांनी नाही निवडायचा," म्हातारा म्हणाला. "बाईचा हात लागला की बाण वाकडा जातो."

"हा माणसाच्या अंगातून निघालाय. म्हणजे औषधपाण्यात मोडतो. आणि मी चिमट्यानं धरलाय."

म्हातारा खोकल्यासारखा हसला. "वकील व्हायचीस तू. बस."

त्यानं शेकलेला एक बाण नखावर ठेवून गर्रकन फिरवला. "हा थरथरला नाही, म्हणजे सरळ. मग बोटावर तोलायचा. टोकाकडे थोडा झुकला पाहिजे, नाहीतर हवेत लोळतो. एवढं तर पोरांनाही येतं. चुकतात सगळे ते बुडाशी."

"म्हणजे?"

"धनुष्याची दोरी बाणाला ढकलते ती बुडावर. हलक्या धनुष्याची दोरी बारीक, तिला बारीक बूड चालतं. भारी धनुष्याची दोरी जाड. ती खोबणीत उंच बसते. बारीक बुडाचा बाण तिच्यापुढे ठेवलास, तर दोरी त्याला ढकलत नाही, त्याच्या डोक्यावरून निघून जाते."

"मग बाण?"

"कोलांटी खातो. कुठेही जातो. आणि धनुष्याचा सगळा जोर रिकामा सुटतो, त्यानं लाकूड फुटतं. म्हणून जाड दोरीच्या बाणाला बुडाशी सूत गुंडाळायचं, दोरीएवढी उंची करायची, वर मधाच्या पोळ्याचं मेण. घटकाभराचं काम."

आन्यीनं चिमटा पुढे केला. "याचं बूड बघ."

म्हाताऱ्यानं फक्त बोट फिरवलं. पहिल्यांदा सहज. दुसऱ्यांदा सावकाश. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मधे दोरीचा ठसा नाही," तो म्हणाला.

"आखेनं मारलेल्या बाणांना असतो. मी येताना त्याच्या घरचे चार पाहिलेत. बुडाच्या बरोबर मधे आडवी दाब असते."

"इथे वरची कड घासलीय. पिसाची वरची बाजू फाटलीय." तो कुजबुजला. "ही जाड दोरी आहे. वरून गेलेली."

"एवढी जाड दोरी गावात कुणाची आहे, आजा?"

म्हाताऱ्यानं विस्तवावरचा बांबू फिरवला. ओला बांबू फुटल्यासारखा वाजला, तशी आन्यी दचकली.

"एकाचीच," तो म्हणाला. "गूफाची."

४

"थांब," म्हातारा म्हणाला. "हे जुळत नाही. गूफा काय पोरगा होता? बारीक बुडाचा बाण जाड दोरीवर तो कधीच चढवणार नाही. चढवलाच तर आधी सूत गुंडाळेल."

"दुसऱ्याचा बाण कुणी कशाला घेईल पण?"

ब्याफानं इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"हे बायकांना सांगत नाहीत. दोन हिवाळे गूफाला काही मिळालं नव्हतं. साधं भेकरसुद्धा नाही. आणि तुझा भाऊ रानात गेला की काहीतरी घेऊनच येतो. अशा वेळी माणूस नशीबवानाच्या भात्यातून एक बाण उचलतो. न विचारता. विचारलं तर नशीब येत नाही. आणि ज्याचा गेला त्यानंही बोलायचं नसतं. बोलला तर त्याचंही जातं."

म्हणून आखे गप्प होता! सकाळपासून रानात तो हरवलेला बाणच शोधत असणार. मान कापली जाईल, पण नशीब जाता कामा नये.

"आणि सूत?" तिनं विचारलं.

"सूत गुंडाळलं की बाण त्याचा झाला. मग त्यात दुसऱ्याचं नशीब कुठलं?" म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी चढवला. लेकाचा."

"तर मग आखेला सोड."

"कशाच्या जोरावर? लाओपू विचारेल, धनुष्य कुठे आहे? फुटलेलं धनुष्य दाखव म्हणेल. मी काय दाखवू? माझं बोट?"

खरंच, धनुष्य! झोळीबरोबर गूफाचा भाता आला होता. धनुष्य आलंच नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं चीसाला गाठलं. तो ओढ्यावर तोंड धूत होता.

"गूफाचं धनुष्य तुला आवडायचं ना?"

"अख्ख्या गावाला आवडायचं." मग तिचा रोख त्याच्या ध्यानात आला. "अगं ए! मी चोरलं म्हणतेस? दोन्ही पाय लावूनसुद्धा मला ते ताणता येत नाही. त्यानंच सगळ्यांसमोर मला करून दाखवायला लावलं होतं. विसरलीस? बायका किती हसल्या होत्या! तू पण."

"मी नव्हते हसले."

"तू हसतच नाहीस, ती गोष्ट वेगळी." तो गंभीर झाला. "मी गेलो तेव्हा तिथे धनुष्य नव्हतं, आन्यी. मला वाटलं, मारणारा घेऊन गेला. पण एक सांगू? चिखलाशेजारी ओल्या नेच्याचा एक भारा पडला होता. अर्धवट बांधलेला. आता म्हणशील, नेचे कोण कापतं?"

नेचे बायका कापत. डुकरांच्या गोठ्यात अंथरायला. आणि त्या उतारावर कापायला गूफाचीच बायको जायची.

नदीकडून लांब शिंग वाजलं. पलीकडच्या काठावर माणसं दोराला लागली होती.

५

गूफाची बायको नोमा चुलीपाशी बसली होती. शेजारणीनं आणून ठेवलेली मक्याची कांजी तशीच होती, वर साय धरलेली.

"वहिनी, दोन घोट तरी घे."

"चव लागत नाही गं. रडून रडून तोंड बधिर झालंय." बोलताना तिची जीभ अडखळत होती.

आन्यी तिच्यासमोर बसली. रडून नाक चोंदतं, डोळे सुजतात. रडून ओठ बधिर होत नाहीत.

"कधीपासून बधिर?"

"कालपासून."

"काल सकाळपासून? मुंग्या आल्यासारखं? आधी ओठ, मग जीभ?"

नोमानं कांजीचं भांडं दूर सरकवलं.

"हे बचनागानं होतं, वहिनी. विष तोंडात गेलं की. तू त्याची जखम चोखलीस." आन्यीचा आवाज तिच्या मनात होता त्याहून वर चढला. "म्हणजे तू गेलीस तेव्हा तो जिवंत होता."

नोमानं चुलीत एक काटकी सारली. खालून नदीचा आवाज येत होता आणि त्यात मधूनमधून दोरावरच्या लाकडी घसरकाठीची करकर.

"खाली नेचे कापत होते," शेवटी ती म्हणाली. "फट्कन आवाज झाला. मग तो ओरडला. धावत गेले तर मांडीतून बाण उपसत होता. भुवईतून रक्त. मला म्हणाला, लाकूड फुटलं गं. हसायला बघत होता. मी चोखलं, थुंकलं, चोखलं. मग म्हणाला, ते सोड आणि धनुष्य लपव. स्वतःच्या धनुष्यानं मेलो असं कळलं तर मला ओढ्यापलीकडे पुरतील. घंटा वाजवणार नाहीत. पितरांत नाव घेणार नाहीत."

"आणि बाण?"

"बाणाचं काही बोलला नाही. मग त्याला बोलताच येईना." तिनं पदराच्या टोकानं ओठ पुसले, पुन्हा पुसले. "तीन रेघा कुणाच्या, मला काय माहीत? मी कधी भात्याला हात लावलाय? मला वाटलं, डोंगरापलीकडच्या कुणावर तरी जाईल."

"आखेवर गेलं. हे तुला काल अंगणातच कळलं."

"कळलं."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुझा भाऊ जिवंत आहे," नोमा एकदम तिच्या अंगावर आली. "तो पळेल, रडेल, पाया पडेल. माझा माणूस काय करेल? त्याच्यासाठी मीच होते ना?"

आन्यीला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. तिनं हात मांडीवर दाबून धरले. "धनुष्य कुठे आहे?"

नोमा चुलीकडे तोंड करून बसली. बाहेर कुत्री भुंकायला लागली. लाओपू अंगणात पोचला होता.

६

लाओपूबरोबर सहा माणसं होती आणि एक नवी दोरी. ती दोरी बघून आखेचा चेहरा पांढरा पडला. तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

"बोलणं आटपा," लाओपू म्हणाला. "ऊन कलायच्या आत आम्हाला परत नदी ओलांडायचीय."

ब्याफानं आन्यीकडे बोट केलं. "ही बोलेल."

"बाई? बाणावर?"

"जखमेवर," आन्यी म्हणाली. तिनं बोलायला सुरुवात केली ती सळईपासून. जखम किती खोल आणि आखेचा बाण किती खोल जायला हवा होता, ते सांगितलं. मग बुडाची घासलेली वरची कड दाखवली. भुवईतली ढलपी कागदातून काढून ब्याफाच्या तळव्यावर ठेवली. म्हाताऱ्यानं ती दाताखाली धरली.

"रानतुती," तो म्हणाला. "मुरवलेली. धनुष्याचं लाकूड."

"खारट चिखलापाशी तुती नाही," चीसा मागून ओरडला. "तिच्यासाठी खालच्या ओढ्यावर यावं लागतं."

"तुझ्या भावानं आखेचा बाण नशिबासाठी उचलला," आन्यी लाओपूला म्हणाली. "सूत न गुंडाळता स्वतःच्या धनुष्यावर चढवला. दोरी बाणाच्या वरून गेली, लाकूड फुटलं, बाण उलटा फिरून त्याच्याच मांडीवर पडला. त्याला कुणीही मारलं नाही."

अंगणात गलका झाला. लाओपू एक पाऊल पुढे आला.

"माझ्या भावाला चोर म्हणतेस. अडाणीही म्हणतेस. धनुष्य दाखव."

धनुष्य कुठे आहे ते आन्यीला ठाऊक नव्हतं, आणि कुणापाशी आहे हे सांगितलं तर ही सहा माणसं नोमाचं घर उकरतील. दोन माणसं खांबाकडे गेली आणि आखेच्या मनगटांत नवी दोरी घालू लागली. "ताई," तो पहिल्यांदाच म्हणाला, लहान मुलासारखा.

"नोमाच्या घरी—" आन्यीनं तोंड उघडलं.

"आणलंय," मागून आवाज आला.

बायका दोन्ही बाजूंना सरल्या. नोमा तागाच्या काड्यांचा भारा पाठीवर घेऊन आली होती. तिनं तो लाओपूच्या पायाशी टाकला आणि सोडला. काड्यांच्या मधोमध गूफाचं धनुष्य होतं, डावा बाहू मधोमध चिरलेला. सगळ्या पुरुषांसमोर तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि दिराला दिलं. कुणाला तिला अडवायचं सुचलं नाही.

लाओपूनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग आखेच्या भात्यातला एक बाण मागून घेतला आणि खोबणीत दोरीपुढे ठेवला. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. जाड दोरी बारीक बुडावरून वर डोकावत होती.

"सोडा त्याला," तो म्हणाला.

आखे खांबापाशीच खाली बसला. ब्याफा खाकरला. "लाओपू, नियम तुला ठाऊक आहे. आता गूफाला ओढ्यापलीकडे..."

"आम्ही त्याला नदीपलीकडे नेतोय," लाओपू म्हणाला. "आमच्या गावाला ओढाच नाही. अलीकडे काय, पलीकडे काय." त्यानं फुटलं धनुष्य आपल्या माणसाकडे दिलं, आणि झोळी बांधायला स्वतः खाली वाकला.

७

झोळी उतारावर दिसेनाशी झाली. नोमाही त्यांच्याबरोबर जायची होती. तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. ती आन्यीच्या ओसरीवर आली आणि बसली नाही.

"तुझ्यावर राग नाही माझा," ती म्हणाली.

"माझा आहे," आन्यी म्हणाली. "जाईल हळूहळू."

"एक विचारू? तुझ्या पेटीत सुया असतात. मागे एकदा ओढ्यात विषानं पडलेलं एक पोर तू वाचवलंस. मी धनुष्य लपवत बसले नसते, तशीच पळत तुझ्याकडे आले असते, तर?"

आन्यीनं सकाळपासून हेच मोजलं होतं. चिखलापासून उतरायला धावत पाऊण तास. झोळी घेऊन वर जायला तास. बाण किती खोल, लेप किती जुना, माणसाचं वजन किती. पेटीत दोन सुया होत्या. कुठल्याही बाजूनं आकडा पक्का बसत नव्हता. कदाचित वाचला असता. आणि हे शब्द ओठांवर आणायला तिला काहीच लागलं नसतं. आखेच्या मनगटांवर अजून वळ होते.

"नाही," ती म्हणाली. "नसता वाचला."

नोमानं तिच्याकडे रोखून पाहिलं. आन्यीनं नजर हलवली नाही. तिनं पेटीतून चमचा काढला, ओसरीच्या कडेला उजेडात सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. तोंड उघड. जीभ बघू दे."